टिकली लावलेलं बटण

भाईदासच्या दुकानात श्रीपत तायडेनं टेप निवडला तो तळहातानं. उधना मेन रोडवरचं चिंचोळं दुकान, काउंटरवर मांडलेले तीन टेप, खिशात मावतील एवढाले, कानाला लावायची वायर असलेले. श्रीपत एकेक चालू करायचा आणि मुठीत धरून गप्प बसायचा. डोळे त्यानं मिटून घेतले होते. उघडे ठेवले असते तरी फरक पडला नसता, दोन्ही डोळ्यांतला उजेड काचबिंदूनं उन्हाळ्याआधीच नेला होता.

"काका, कान पे लगाओ ने," भाईदास म्हणाला. "हाथ में क्या देखते हो? टेप हाथ से सुनते हैं क्या?"

श्रीपतची मुलगी चैताली शेजारी उभी होती. तिनं वायर बापाच्या हाताला लावली आणि त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन "कान, कान" असं म्हटलं. श्रीपत हसला.

"त्याले सांग, सत्तावीस वर्सं साचे चालवले मी. मशीन हाताले समजते. कानाचं काय काम?"

सुरतेत यंत्रमागाला साचा म्हणतात, आणि एकेका माणसाच्या अंगावर आठ-आठ, दहा-दहा साचे असतात. त्या गदारोळात कानाला कुणी विचारत नाही. कुठला धोटा वाकडा धावतोय, कुठल्या साच्याचा पट्टा ढिला झालाय, हे माणूस लोखंडाला हात लावून ओळखतो. श्रीपत तर साऱ्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, त्यासाठी नावाजलेला. मिस्त्री येण्याआधी त्याला बोलवायचे. तो पंजा टेकायचा, दोन क्षण थांबायचा आणि बोट दाखवायचा. तिथंच बिघाड निघायचा.

तिसरा टेप त्यानं बराच वेळ मुठीत ठेवला. "हा घे," तो म्हणाला. "याचं चाक सरळ फिरते. बाकीचे दोन लंगडे हायेत."

भाईदासनं खात्री म्हणून दुसऱ्या टेपचं झाकण काढून पाहिलं, तर आतला रबरी पट्टा खरोखर घसरत होता. त्यानं श्रीपतच्या हातावर टाळी दिली आणि आठ दिवसांत नाही पटला तर बदलून देईन म्हणून सांगितलं. बापलेक हसतमुखानं नवागामला परतले. कानाला लावून पाहायचं राहिलंच, आणि ते राहिलं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

टेप गाण्याबजावण्यासाठी नव्हता. नवागामच्या वस्तीत, बुलढाण्या-अकोल्याकडून आलेल्या लोकांनी पत्र्याचं छप्पर घालून एक विहार उभारला होता. आषाढी पौर्णिमेला बौद्धांचा वर्षावास सुरू झाला की तिथं रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं, तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत. वीस वर्षं ते वाचन श्रीपत करत होता. शाळा सातवीपर्यंतच, पण वाचणं असं की पोरंबाळं मांडीवर झोपवून बाया शेवटपर्यंत बसायच्या. कारखान्यात तो आठ साच्यांचा धनी असेल नाहीतर मुकादमाच्या शिव्यांचा. संध्याकाळी हात-पाय धुऊन, पांढरा शर्ट घालून तो विहारातल्या ग्रंथाच्या चौरंगापुढं बसला की वस्तीतली माणसं त्याला गुरुजी म्हणायची. डोळे गेले, काम गेलं, पगार गेला, हे सगळं त्यानं गिळलं. पण चौरंगापुढची जागा सोडायला तो तयार नव्हता.

तोड त्यानंच काढली होती. चैतालीनं ग्रंथ वाचून कॅसेटमध्ये भरायचा. त्यानं दिवसा तो ऐकायचा, घोकायचा. आणि संध्याकाळी विहारात एका कानाला वायर लावून एक वाक्य ऐकायचं, बटण दाबून थांबवायचं, मोठ्यानं म्हणायचं, पुन्हा बटण, पुढचं वाक्य. लोकांना वाटावं गुरुजी वाचतातच आहेत. म्हणून टेप असा हवा होता की बटणं बोटांना नीट लागावीत, थांबवलेला तिथंच थांबावा आणि पुन्हा सुरू करताना अर्धा शब्द खाऊ नये. त्याचा सगळा जीव या एका गोष्टीवर टांगलेला होता, आणि आषाढी पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली होती.

काशीबाई, श्रीपतची बायको, घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायची. तिनं त्याच टिकल्या टेपला लावल्या. चालू करायच्या बटणावर एक, मागं नेण्याच्या बटणावर दोन, थांबवायचं बटण कोरंच. कॅसेटच्या पहिल्या बाजूलाही एक टिकली. श्रीपतनं अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "काशी, साडी नेसव आता याले." कित्येक महिन्यांनी घरात कुणी थट्टा केली होती.

घरामागच्या गल्लीतच साच्यांचं खातं होतं, त्यामुळे घरातल्या भिंतीसुद्धा रात्रंदिवस खडखडायच्या. आठवड्यातून एकदा कारखान्यांची वीज बंद ठेवायचा वार असे, तेवढाच दिवस शांत. चैतालीनं मैत्रिणीकडून टेपरेकॉर्डर मागून आणला, त्यात सेल घातले आणि त्या शांत दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत बसून ग्रंथाचा पहिला भाग वाचला. कॉलेजात शिकणारी मुलगी, आवाज बारीक पण स्वच्छ. शेजारच्या बायका दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

संध्याकाळी श्रीपतनं वायर कानाला लावली. एक टिकलीचं बटण दाबलं. काशीबाई आणि चैताली समोर बसल्या होत्या.

त्याला आवाज आला. वर-खाली होणारा, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. बाई वाचतेय एवढं कळत होतं. पण शब्द फुटत नव्हते. भिंतीपलीकडं कुणीतरी बोलतंय आणि आपण उशीत डोकं खुपसून पडलोय, तसं काहीतरी. त्यानं आवाज वाढवला. गुणगुण मोठी झाली, शब्द झाले नाहीत. त्यानं वायर दुसऱ्या कानाला लावली. मग दोन्ही कानांना. मग टेप हातावर आपटला.

"काय झालं, बाबा?" चैतालीनं विचारलं. त्याला तिचं "बाबा" तेवढं कळलं.

"आवाज येते. समजत नाई." तो म्हणाला. "मशीन खराब हाय."

चैतालीनं वायर आपल्या कानाला लावली. तिला एकेक अक्षर ऐकू आलं. पण हात लावला की बापाला यंत्राच्या पोटातलं कळतं, हे ती लहानपणापासून बघत आलेली. ज्याच्या पंज्यापुढं मिस्त्री गप्प बसायचे तो माणूस यंत्र खराब आहे म्हणत असेल तर आपले तरुण कान काय धरून बसायचे? दुसऱ्या दिवशी ती एकटीच भाईदासकडं गेली.

भाईदासनं टेप बदलून दिला. परदेशी बनावटीचा, महागडा, फोमच्या गाद्या असलेला. त्यातही तेच. मग त्यानं तो घेऊन डब्याएवढा स्पीकरवाला टेप दिला, पट्टा लावून खांद्याला अडकवायचा. तो श्रीपतनं पूर्ण आवाजात लावला तेव्हा गल्लीच्या टोकाला भाजी विकणाऱ्या बाईलाही ग्रंथ ऐकू गेला. श्रीपत स्पीकरला कान लावून बसला. कानात ठणका लागला, शब्द मात्र नाही.

आता यंत्रं तीन झाली होती, आणि तिन्ही एकाच वेळी खोटी असतील असं एखाद्या कारागिराला वाटणं कठीण. श्रीपतनं दुसरा गुन्हेगार शोधला.

"तू काहून तोंडातल्या तोंडात वाचून राह्यली?" तो चैतालीवर खेकसला. "आंधळ्या बापासाठी वाचायचं, म्हणून कसंबी उरकलं. शिकलेल्या पोरी तुम्ही. तोंड उघडायले जोर येते तुमाले."

 चैतालीनं उलट उत्तर दिलं असतं तरी त्याला कळलं नसतं. पुढच्या बंदच्या दिवशी तिनं तो सगळा भाग पुन्हा वाचला. यावेळी ओरडून, एकेक शब्द तोडून. दुपारनंतर तिचा घसा बसला आणि काशीबाईनं तिला हळदीचं पाणी करून दिलं. ती कॅसेटही श्रीपतनं ऐकली आणि काढून कॉटवर टाकली.

खरं सांगायचं तर त्याचा राग एकट्या चैतालीवर नव्हता. डोळे गेल्यापासून साऱ्या दुनियेनंच आवाज उतरवलाय अशी त्याची खात्री झाली होती. पूर्वी गल्लीतला माणूस समोरून येऊन बोलला की शब्दन् शब्द कळायचा. आता तीच माणसं ओठांत पुटपुटायची. काशीबाईनं कानाशी तोंड आणून सावकाश सांगितलं तरच कळायचं, आणि तेही रोजचंच असलं तर, जेवण, चहा, चला, थांबा. आंधळ्याशी कोण कशाला तोंड भरून बोलेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. दयेनं माणसं हळू बोलतात. नाहीतर आपल्याविषयीच बोलत असतात. तो दिवसभर कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. त्याला भिंत आणि माणूस यांत फरक उरला नव्हता, आणि हे तो कुणाला सांगतही नव्हता.

पौर्णिमेला पाच दिवस उरले तेव्हा रघुनाथ भेटायला आला. एका खात्यात बावीस वर्षं शेजारशेजारच्या साच्यांवर काढलेला माणूस. त्याचा आवाज रेड्यासारखा जाड, म्हणून श्रीपतला त्याचं जरा तरी कळायचं. रघुनाथनं आल्या आल्या, "जयभीम गुरुजी, झाली का तयारी?" असं विचारलं आणि श्रीपतनं त्याच्या हातात टेप कोंबला.

"तूच पाय ऐकून. पोरगी म्हणते बराबर हाय. काशी म्हणते बराबर हाय. तू सांग."

रघुनाथनं स्पीकर कानाला लावला. भुवया आखडल्या. बराच वेळ ऐकलं.

"आवाज येते," तो शेवटी श्रीपतच्या कानाशी म्हणाला. "पण समजत नाई, बे. फाटका हाय."

श्रीपत कॉटवरून उठलाच. त्याला आंधळा झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी खरं बोलल्यासारखं वाटलं. बायको आणि मुलगी आपल्याला वेड्यात काढत होत्या आणि आता कारागिरानं कारागिराची साक्ष काढली होती. त्याच दुपारी चौघं भाईदासकडं निघाले. श्रीपत रघुनाथच्या खांद्यावर हात ठेवून पुढं चालत होता. इतका ताठ तो कित्येक महिन्यांत चालला नव्हता.

भाईदासनं सगळं ऐकून घेतलं. त्यानं आधी काशीबाईला जवळ बोलावलं, श्रीपतनं हातानं निवडला होता तोच पहिला छोटा टेप कपाटातून काढला, टिकल्यांसकट तो तसाच पडला होता, त्यात चैतालीची कॅसेट घातली आणि वायर तिच्या कानाला लावली. "बोलो बेन, जो सुनाई दे वो बोलते जाओ." काशीबाईनं ऐकत ऐकत चार वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. निरक्षर बाई, पण एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

मग भाईदास रघुनाथकडं वळला. "आप कहां रहते हो?" त्यानं विचारलं. रघुनाथनं पत्ता सांगितला. भाईदासनं काउंटरवरचा गुजराती पेपर उचलला, तोंडापुढं धरला आणि त्याच आवाजात विचारलं, "बच्चे कितने हैं?"

रघुनाथ नुसता बघत राहिला. भाईदासनं पुन्हा विचारलं. रघुनाथनं हसून हात हलवला, पेपर बाजूला करा म्हणून.

श्रीपतला यातलं काहीच कळलं नाही. त्याला एवढंच जाणवलं की दुकानातला आवाज थांबलाय. हा थांबण्याचा प्रकार त्याला माहीत होता. खात्यात कुणाचा हात पट्ट्यात सापडला की आधी त्याच्या बाजूचे साचे थांबायचे. मग काशीबाईचा हात त्याच्या मनगटावर आला आणि घट्ट झाला.

"काय झालं?" तो म्हणाला. "काय म्हणते तो?"

भाईदास काउंटरच्या बाहेर आला होता. तो समजुतीनं बोलत होता, गुजराती-हिंदीची खिचडी करून. मशीनमां कंई नथी, यंत्रात काही बिघाड नाही. साच्यांवरचे लूमवाळे खूप येतात त्याच्याकडं, सगळे टेप परत आणतात. डोळे असेपर्यंत ओठ बघून चालवून नेतात. काकाचे डोळे गेले आणि कान पण त्याच दिवशी गेले, फक्त काकाला खबर नव्हती. हे सगळं काशीबाईनं ऐकलं, आणि मग तिला ते नवऱ्याच्या कानात घालावं लागलं. एकदा सांगून कळलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं. भर दुकानात, गिऱ्हाइकं बघत असताना, तिला ओरडून सांगावं लागलं, "तुमचे कान गेले. मशीनीचा दोस नाई. तुमचे कान गेले."

ते मात्र त्याला कळलं.

तो काउंटरला टेकून उभा राहिला. खात्यात माणसं आवाज न काढताच बोलायची. गळ्याचा उपयोगच नसायचा, नुसते ओठ हलवायचे, आणि पलीकडच्या रांगेतल्याला कळायचं. पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येकजण ते शिकायचा. तसं बोलता बोलता सत्तावीस वर्षं गेली. घरी आल्यावरही तो तेच करत होता, ओठ वाचत होता, आणि त्यालाच ऐकणं म्हणत होता. एकदम त्याला प्लेगचं साल आठवलं. तीन वर्षांपूर्वी सगळं सुरत तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं आणि श्रीपतला कुणाचंच बोलणं कळेना. तो लोकांच्या तोंडावरचे रुमाल ओढायचा. एकदा तर चैतालीचा ओढला म्हणून काशीबाई रागावली होती, पोरीले रोग लावता का म्हणून. रुमालातून आवाज येत नाही, असं तो तेव्हा म्हणाला होता. बाकी सगळ्यांना रुमालातूनही ऐकू येत होतं, हे त्याला तीन वर्षांनी या दुकानात उमगलं.

"पोरीले मी काय काय बोललो," तो म्हणाला. ते त्यानं कुणाला उद्देशून म्हटलं नाही.

चैतालीनं आशा सोडली नाही. दुसऱ्याच दिवशी ती त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं कानाला यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं की जाड आवाज थोडा शिल्लक आहे, बारीक आवाज पूर्ण गेलाय. शब्द वेगळे करतात ते सगळे बारीक आवाज. कानात घालायच्या यंत्रानं गोंगाट वाढेल, समज वाढणार नाही. ती येताना बसमध्ये रडली. श्रीपतला तिच्या खांद्याच्या हलण्यावरून ते कळलं, आणि आपण तिला काही म्हटलं तर ती काय उत्तर देईल हे आपल्याला कळणार नाही, म्हणून तो गप्प बसला. म्हणजे चैतालीचा, त्याच्या एकुलत्या पोरीचा आवाज हाच जगातला त्याला सगळ्यात कमी ऐकू येणारा आवाज होता. माणसाच्या वाट्याला यावं तरी काय काय.

पौर्णिमेच्या संध्याकाळी तो जाणार नव्हता. काशीबाईनं पांढरा शर्ट काढून हातात दिला तर त्यानं तो कॉटवर ठेवला. मग रघुनाथ आणि वस्तीतले दोघे-चौघे आले. त्यांनी काही समजूत घातली नाही, घालून उपयोग नव्हता. त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं, शर्ट घातला आणि विहारात नेऊन त्याच्या रोजच्या जागी, चौरंगाशेजारी बसवलं. मेणबत्त्यांचा वास आला. माणसं दाटीवाटीनं बसलीत हे हवेच्या उबेवरून समजलं. वंदना झाली. ती तोंडपाठ होती, त्यानं सगळ्यांबरोबर म्हटली, फक्त एका ओळीनं मागं राहिला.

मग तो स्वतःच बोलला, अंदाजानं माणसांकडं तोंड करून. "मले आता वाचणं जमणार नाई. कानही गेले माह्ये. औंदा चैताली वाचते. तिचं ऐका."

चैताली चौरंगापुढं बसली. माईक होता, स्पीकर श्रीपतच्या डाव्या अंगाला होता. तिनं सुरुवात केली.

आणि श्रीपतला ऐकू आलं.

पहिलं वाक्य आलं. दुसरं आलं. एकेक शब्द सुटा, टिपून घ्यावा असा. कुठं ती थांबली, कुठं श्वास घेतला, कुठं तिनं एका शब्दावर जोर दिला, सगळं. श्रीपतनं छातीवर हात दाबून धरला. डॉक्टर चुकला होता, भाईदास चुकला होता, सगळी अक्कल चुकली होती. त्याची मुलगी वाचत होती आणि त्याला ऐकू येत होतं. त्याला उठून सांगावंसं वाटलं. कडेला बसलेल्या काशीबाईचा हात त्यानं चाचपून पकडला आणि दाबला. ती काय समजली देव जाणे. पहिलं पान संपलं, दुसऱ्या पानाचा पहिला परिच्छेद आला, तोही आला.

मग शब्द विरायला लागले. एखादा आला, दोन बुडाले. पुन्हा एखादा आला. आणि मग नुसती गुणगुण उरली, वर-खाली होणारी, भिंतीपलीकडची.

तो समजून चुकला. पहिलं पान त्यानं वीस वर्षं वर्षावासाच्या पहिल्या संध्याकाळी वाचलं होतं. ते त्याला पाठ होतं. मुलीचा आवाज फक्त चाल लावत होता, शब्द त्याचे त्यालाच आतून येत होते. घरी कॅसेट लावली तेव्हा तो यंत्राचा दोष शोधत कान ताणून बसला होता, म्हणून तेच पान तिथं ओळखू आलं नव्हतं; इथं रोजच्या जागी बसल्यावर ते आपसूक आलं. पाठ होतं तिथपर्यंत ऐकू आलं, पाठांतर संपलं तिथं ऐकणं संपलं. जे आधीच माहीत आहे तेवढंच आता कानात शिरणार. नवा शब्द, नवा निरोप, पोरीनं उद्या सांगितलेली एखादी गोष्ट, यातलं काही म्हणजे काही आत येणार नाही. अजून पंचवीस-तीस वर्षं जगला तरी नाही. समोर दोनशे माणसं बसली होती आणि तो त्यांच्यात एकटा बसून होता, आणि वाचन संपेपर्यंत त्यानं काशीबाईचा हात सोडला नाही.

स्पीकरवाला टेप परत करायला चैताली गेली तर भाईदासनं तो पहिला छोटा टेपच तिच्या हातात ठेवला. काकानं हातानं निवडलेला आहे, राहू दे काकाकडं, म्हणाला. श्रीपत आता तो दिवसभर जवळ ठेवतो. कॅसेट पहिलीच, टिकली लावलेली, चैतालीनं पहिल्या दिवशी वाचलेली. तिनं पुढच्याही भरून दिल्यात, त्या तो घालत नाही. एक टिकलीचं बटण दाबतो, पान-दीड पान जाऊ देतो, थांबवतो, दोन टिकल्यांचं बटण दाबून मागं नेतो, पुन्हा सुरू करतो. किती वेळ मागं न्यायचं ते त्याच्या हाताला बरोबर कळतं. पहिल्या शब्दावर येऊन थांबतो, एक अक्षर इकडं नाही की तिकडं नाही.

एका दुपारी चैताली कॉलेजातून आली आणि कॉटवर त्याच्याशेजारी बसली. तिनं पाहिलं की बापाचे ओठ हलताहेत. तिनं वायरचं एक टोक आपल्या कानाला लावलं. टेपमधलं वाक्य सुरू व्हायच्या आधीच ते वाक्य त्याच्या ओठांवर पूर्ण होत होतं.

ती त्याच्या खांद्याला टेकली ते त्याला कळलं. त्यानं बटण दाबलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"लय साफ वाचलं तू, पोरी," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून साफच वाचलं. एकेक शब्द ऐकू येते मले."

ती काहीतरी बोलली. बरंच बोलली, मध्ये थांबून पुन्हा बोलली. तो मान हलवत राहिला. तिचं बोलणं झालं असं वाटल्यावर त्यानं अंगठ्यानं दोन टिकल्या चाचपल्या आणि कॅसेट मागं न्यायला लावली.